चढावर बोलायचं असतं

पंचवीस वर्षं मी पुण्यातल्या बायकांच्या कमरेला टेप लावली. शिंपीण नव्हते हो, आहारतज्ज्ञ होते. शनिवार पेठेत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझी खोली होती. तिच्यात एक वजनकाटा, एक टेप, दोन बिनहाताच्या खुर्च्या आणि भिंतीवर जेवणाच्या ताटाचं मोठं चित्र. आमचे हे अजून विचारतात, एवढ्या भांडवलावर तू किती बायकांना उपाशी मारलंस? एकीलाही नाही. उपाशी राहायला त्या माहेराहूनच शिकून आलेल्या असायच्या. मी त्यांना खायला शिकवत होते आणि ते काम फार अवघड होतं.

दिवाळी अंकात आहारतज्ज्ञ बाईनं लिहायचं म्हणजे ऐन फराळात लोकांचा घास अडकवायचा. तेवढं पाप मी करणार नाही. खुशाल चकल्या खा, माझ्याकडे बघू नका. मी माझ्या कामातल्या चार गमती सांगणार आहे आणि एक चूक. चूक माझीच होती आणि ती एका बाईच्या जिवावर बेतणार होती. गमती आधी सांगते, कारण त्या सांगायला सोप्या आहेत.

माझ्याकडे यायच्या त्या बहुतेक पंचेचाळीस ते पंचावन्नच्या. पाळी जायच्या बेतात किंवा नुकतीच गेलेली. आपल्याकडे या गोष्टीचं धड नाव कुणी घेत नाही. "मॅडम, माझं आता ते तसं चाललंय," असं म्हणायचं आणि दाराकडे बघायचं. "तसं म्हणजे कसं?" असं मी मुद्दाम विचारायचे. मग आवाज आणखी खाली जायचा. दाराबाहेरच्या बाकावर नवरा बसलेला असायचा, आणि ज्या माणसाला वर्षभर रात्री पंखा चालू की बंद यावरून झोप मिळालेली नाही, त्याच्यापासून ही गोष्ट लपवायची धडपड चालायची.

प्रकरण काय आहे ते एकदा साध्या भाषेत सांगते. पाळी चालू असते तोवर बाईच्या अंगात एक संप्रेरक भरपूर तयार होत असतं. बाकीच्या कामांबरोबर ते रक्तवाहिन्यांचीही काळजी घेतं. पाळी जाते तसं ते ओसरतं. मग रक्तातली चरबी वाढते, रक्तदाब वर सरकतो, साखर सीमेवर येऊन उभी राहते. आजवर मांड्यांवर गुमान बसलेली चरबी पोटाकडे मुक्काम हलवते. दंडापायांतले स्नायू झिजायला लागतात. बाई तेवढंच खाते, तेवढंच काम करते आणि तरी परकर सैल करावा लागतो. याचा शेवटचा भार पडतो हृदयावर. पण हार्ट अटॅक हा पुरुषांचा आजार अशी आपली पक्की समजूत. घरात नवऱ्याच्या छातीत जरा चमकलं की अख्खी गल्ली गोळा होते. बाईला दम लागला तर तिला लिंबूसरबत मिळतं, तेही तिनंच केलेलं.

म्हणून मला काट्यापेक्षा टेपवर जास्त भरवसा. पोट किती, हे कळलं की पुष्कळ कळतं. पण टेप हातात घेतली रे घेतली की समोरची बाई पोट आत ओढून श्वास धरायची. अगदी शाळेच्या मुख्याध्यापिकासुद्धा. शेवटी मी एक युक्ती काढली. टेप गुंडाळता गुंडाळता विचारायचे, "तुमच्याकडे पुरणपोळी चांगली कोणाची होते, तुमची की जाऊबाईंची?" उत्तर द्यायला श्वास सोडावाच लागतो. त्या क्षणी मी आकडा वाचायचे.

दुसरी गंमत वहीची. दिवसभरात काय खाल्लं ते वहीत लिहून आणा, असं मी सगळ्यांना सांगायचे. वह्या यायच्या त्या अगदी संतांच्या. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी दोन पोळ्या आणि भाजी, रात्री अर्धी भाकरी. अक्षर सुंदर, साखर मात्र वाढतच चाललेली. मला वाटायचं, माझंच गणित चुकतंय. मग एकदा अशाच एका बाईंकडे हळदीकुंकवाला गेले. मंडळी जेवून उठली होती आणि या ओट्यापाशी उभ्या राहून पातेल्याच्या तळाचा भात, नातवानं टाकलेली अर्धी पोळी आणि वाटीतलं श्रीखंड शांतपणे संपवत होत्या. मी म्हटलं, "अहो, हे वहीत नसतं!" त्या मनापासून चकित झाल्या. म्हणाल्या, "ते कुठं मी खाल्लं? ते टाकायचं का?" त्या दिवसापासून माझ्या तक्त्यात "ओट्यापाशी उभं राहून" असा वेगळा रकाना आला. खरं जेवण त्या रकान्यात सापडायचं.

हे सगळं नव्वदीच्या अखेरीचं आणि त्यानंतरच्या काही वर्षांचं. दुकानांत रोज नवं खोकं दिसायचं आणि पुण्यानं तर डाएट चिवडा काढला होता. तळलेला नाही ना, मग वाडगाभर खा. मुलं आयटीत लागली, परदेशी गेली. तिकडून आईच्या तब्येतीची काळजी करता करता एक दिवस ट्रेडमिल पाठवायची. मी घरोघर जाऊन बघितलंय, त्या ट्रेडमिलच्या दांड्यांवर पंचे फार छान वाळतात. त्यामुळे मी यंत्रांच्या नादी लागले नाही. बिनहाताच्या खुर्चीवरून हात छातीशी धरून दहा वेळा उठायचं आणि बसायचं, पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या घेऊन दंड हलवायचे, जेवणात उसळ, डाळ, ताक वाढवायचं आणि आठवड्यातून तीन सकाळी माझ्याबरोबर पर्वती चढायची. हे माझं सगळं शास्त्र. "दहा वेळा उठायला काय लागतं?" म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून सहाव्या वेळी "आई गं" आलं की मला बरं वाटायचं.

पर्वतीला माझ्याबरोबर आठजणी असायच्या. साडी किंवा पंजाबी ड्रेस, आणि पायांत मुलीनं टाकून दिलेले स्पोर्ट्स शूज. त्या आठांत एक कुंदाताई.

कुंदाताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल लावून द्यायचा जमाना होता तेव्हापासूनच्या. मग गल्लोगल्ली एसटीडीची पिवळी बूथ आली, पुढे मोबाइल आले आणि कुंदाताईंना बोर्डावरून उठवून फायलींच्या टेबलाशी बसवलं. "बोर्ड गेला, तोंड राहिलं," असं त्या स्वतःच म्हणायच्या. ते राहिलेलं तोंड घेऊन त्या माझ्याकडे आल्या. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाची वेळ दिली होती, दोन तास बसल्या. त्यांचे यजमान वसंतराव बाहेर बाकावर होते. मधेच दार किलकिलं करून ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला जेवायचं असेल तर सांगा, तिला तसं आपोआप कळत नाही."

पण त्या दोन तासांत एक गोष्ट त्यांनी हसून सांगितली नाही. त्यांची आई चोपन्नाव्या वर्षी गेली. पाण्याची कळशी घेऊन जिना चढली, वर येऊन जरा टेकली, ती उठलीच नाही. घरात सगळे म्हणाले, पाळी गेली की बाई खचतेच. कुणी त्यापुढे चौकशी केली नाही. "मी आता बावन्नची आहे," कुंदाताई म्हणाल्या. "मॅडम, मला बारीक नाही केलंत तरी चालेल. मला चोपन्न ओलांडून द्या." हे मी तक्त्यावर लाल शाईनं लिहून ठेवलं. कार्डिओग्राम काढून आणायला लावला, तो स्वच्छ आला. आडवं पडून काढलेला कार्डिओग्राम स्वच्छ आला म्हणजे चढावरही सगळं ठीक असेलच असं नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि त्या वेळी आठवणं यांत फरक असतो, तो मी पुढे शिकले.

सुरुवात झकास झाली. चार महिन्यांत टेप दोन बोटं आत आली, साखर खाली आली. वसंतरावांनी ताक घुसळायला रवी आणून दिली. अडचण एकच होती, कुंदाताई चढताना बोलायच्या. नुसत्या बोलायच्या नाहीत, गोष्टी सांगायच्या. कोणत्या शेटजींचा फोन कुणाला जायचा, कोणती नवी नवरी माहेरी फोन लावून एक अक्षर न बोलता रडायची आणि या तिला तीन मिनिटं संपली तरी तोडायच्या नाहीत. गोष्ट रंगात आली की सगळ्याजणी जागच्या जागी थांबायच्या. एका पायरीवर पाच पाच मिनिटं. व्यायाम राहिला बाजूला, कीर्तन सुरू.

आता चालण्याच्या व्यायामाचं एक साधं माप असतं. चालताना माणसाला बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी आहे, बोलताच येत नसेल तर जास्त आहे किंवा आत काहीतरी बिघडलंय. हे माप मीच त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आणि एका सकाळी माझं डोकं फिरलं. कुंदाताईंच्या गोष्टीपायी आम्ही पाऊण वाटेवर इतक्या रेंगाळलो, की मागून आलेले एक काठीवाले आजोबा आम्हाला "जरा वाट देता का, मला आज वर जायचंय" असं म्हणून पुढे निघून गेले. मी चिडून जाहीर केलं, "उद्यापासून चढताना कुणी तोंड उघडायचं नाही. गप्पा वर गेल्यावर."

बाकीच्या सातजणींना हायसं वाटलं. कुंदाताईंनी आठवडाभर नियम वाकवून बघितला. आधी कुजबुज, मग खाणाखुणा. माझे डोळे मोठे झाले की त्या शाळकरी पोरीसारख्या तोंडावर बोट ठेवायच्या. मला मनातून हसू यायचं, पण वरून मी कडक.

मग त्या खरोखरच गप्प झाल्या. आधी चढताना, मग वर पोचल्यावरही. वर जाऊन कठड्याला टेकायच्या, पदरानं मान पुसायच्या आणि शहराकडे बघत बसायच्या. घाम खूप यायचा, पण त्या वयात अंगातून गरम वाफा येतातच, सगळ्यांनाच येत होत्या. त्याच सुमाराला एकदा त्या म्हणाल्या, "मॅडम, हल्ली चढताना हा खालचा जबडा दुखतो. दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, दात उत्तम आहेत." मी म्हटलं, "तीस वर्षं इतकं वापरल्यावर दुखणार नाही तर काय? बोलून बोलून झिजला असेल." सगळ्याजणी खो खो हसल्या. कुंदाताईही हसल्या, जबड्यावर हात ठेवूनच.

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहिते आहे.

आणि त्याच आठवड्यात कुंदाताई सगळ्यांच्या मागून, एकही शब्द न बोलता वर आल्या तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांसमोर म्हटलं, "शाबास कुंदाताई! बघा गं, शिका काहीतरी. व्यायाम असा मन लावून करायचा असतो." त्या लाजल्या. खरंच लाजल्या, गालांपर्यंत. मला माझंच फार कौतुक वाटलं. बोलकी बाई गप्प केली म्हणजे पुण्यात पुतळाच उभारायला हवा, असं काहीसं मी घरी जाऊन बोललेसुद्धा.

दर शनिवारी मी या बायकांना घेऊन मंडईत जायचे. आहार कागदावर समजावून काही उपयोग होत नाही, तो पिशवीत भरायला शिकवावा लागतो. कडधान्यं कोणती, पालेभाजी किती, फळांत रोज सफरचंदच का आणि पेरूनं काय घोडं मारलंय, हे सगळं तिथंच उभं राहून बोलायचं. मंडईत वाघोलीकडच्या शेवंताबाईंची पालेभाजीची जागा ठरलेली होती. पासष्टीच्या पुढच्या, काटक. पहाटे स्वतः जुड्या बांधून टेम्पोत बसून यायच्या. व्यायाम म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या आठजणींकडे बघून त्या म्हणायच्या, "ताई, ह्यांना चार दिस माझ्या रानात धाडा, फुकटात बारीक करते."

शेवंताबाई आणि कुंदाताई यांचं दर शनिवारी भांडण व्हायचं आणि ते ऐकायला आजूबाजूचे गाळेवाले थांबायचे. कुंदाताई दिलेली जुडी कधी घ्यायच्या नाहीत. वरच्या चार बाजूला सारून खालची काढायच्या, देठ मोडून बघायच्या, "पाणी मारून मारून भाजीला सर्दी झालीय," म्हणायच्या. शेवंताबाई म्हणायच्या, "एवढं पोरीला नवरा बघताना बगितलं न्हाय कुणी." दोघींना त्याशिवाय शनिवार गोड लागत नसे.

त्या शनिवारी मी दोन गाळे पलीकडे एका बाईंना मटकी आणि कुळीथ यांतला फरक सांगत होते. शेवंताबाईंनी मला हाक मारली. हाक साधी नव्हती, मी वळले.

"ताई, हिकडं या जरा. ह्या बाईंना काय झालंय?"

"का? काय झालं?"

"मी गंमत म्हणून मुद्दाम पिवळी जुडी दिली. म्हनलं, आता बघू कशा तडतडतात. तर गुमान पिशवीत टाकली की हो त्यांनी. एक शबूद न्हाय." त्यांनी आवाज खाली आणला. "आसं कदी हुतंय व्हय? ह्या बाईंच्या अंगात काय तरी बिगाडलंय. तुमी बगा आधी."

मी कुंदाताईंकडे बघितलं. मंडईतला एवढा गलका, आणि त्या मधोमध उभ्या. एका हातात पिशवी, दुसरा हात जबड्याखाली. ओठांवर घाम. चेहरा राखाडी पडलेला.

"कुंदाताई, काय होतंय?"

त्यांनी मान हलवली. काही नाही. मग एक एक शब्द सुटा करून म्हणाल्या, "वाफ... आलीय. जाईल."

दम, घाम, चढावर दुखणारा जबडा, चोपन्नाव्या वर्षी गेलेली आई. सगळं माझ्याकडे लाल शाईनं लिहिलेलं होतं. बाईचं हृदय दुखतं तेव्हा ते नेहमी छातीवर हात ठेवून, सिनेमात दाखवतात तसं दुखत नाही. कधी जबडा दुखतो, कधी पाठ, कधी नुसता दम लागतो, नुसतं गळून जायला होतं. हे मी व्याख्यानांत सांगत हिंडायचे. आणि माझ्या डोळ्यांदेखत महिना-दीड महिना ते चाललं होतं तेव्हा मी विनोद करत होते, टाळ्या वाजवत होते.

शेवंताबाईंनी स्वतःचं पोतं रिकामं करून कुंदाताईंना त्यावर बसवलं. भाजी खाली पसरली, त्यांनी ढुंकून बघितलं नाही. एका गाळेवाल्यानं रिक्षा आत घुसवून आणली. रिक्षात कुंदाताईंनी माझा हात धरला होता आणि मी त्यांना सारखी म्हणत होते, "बोला ना, काहीतरी बोला." त्या नुसत्या बघत होत्या. मंडईपासून हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता तो केवढासा. मला तो अजून संपल्यासारखा वाटत नाही.

हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी लगेच आत नेलं. जाता जाता एवढंच विचारलं, "चढताना त्रास किती दिवस होत होता?" मी म्हटलं, "महिनाभर तरी." ते म्हणाले, "आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?" त्यांनी टोमणा मारला नव्हता, नेहमीचा प्रश्न होता तो.

वसंतराव आले. ऑफिसातून तसेच, डबा हातात घेऊन. तीस वर्षं या माणसाचं एकच गाऱ्हाणं होतं. घरात रेडिओ घेतला नाही, कारण गरज पडली नाही, असं ते चारचौघांत सांगायचे. मला वाटलं, आता ते मला धारेवर धरतील आणि मी त्यांना धरू देणार होते. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "बोलतेय का ती?"

मी नाही म्हटलं. ते बाकावर बसले, डबा मांडीवर ठेवला आणि त्या झाकणाकडे बघत राहिले. आम्ही दोघं तीन तास तसेच बसलो होतो. आमची मनीषा, म्हणजे त्यांची मुलगी, मी तिला आमचीच म्हणते आता, कंपनीतून निघून आली तेव्हा आतून निरोप आला, वाहिनी उघडली, धोका टळला.

तिसऱ्या दिवशी मला भेटू दिलं. कुंदाताई उशाला टेकून बसल्या होत्या. रंग परत आला होता, आवाज मात्र बारीक होता. मी काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते. माझं चुकलं, तो नियम मी चिडून केला, जबड्यावरून केलेला विनोद तर अक्षम्य होता. यातलं काहीच धड बोलता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "अहो, इतकं होत होतं तर मला सांगितलं का नाहीत? एरवी जगातलं सगळं सांगता."

त्या हातावरची पट्टी कुरवाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "लहानपणी वडील म्हणायचे, जरा गप्प बस. शाळेत बाईंनी बाकावर उभं केलं, बोलते म्हणून. सासूबाई म्हणायच्या, हळू. हे तर रोजच म्हणतात. ऑफिसात बोलायचा पगार मिळायचा, पण तिथंही कुणी शाबास नाही म्हटलं. मॅडम, बावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सगळ्यांसमोर माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी घरी जाऊन यांना सांगितलं, मनीषाला फोन करून सांगितलं. आता ते कशाबद्दल होतं ते मला ठाऊक होतं ना. मग दुसऱ्या दिवशी तोंड कसं उघडू?"

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. माझ्या कामातली दुसरी कोणतीच चूक मला एवढी लागली नाही. बाईच्या अंगातलं संप्रेरक, चरबी, साखर, सगळं मला वाचता येत होतं, आणि एका कौतुकाच्या शब्दासाठी बाई जीवही गहाण टाकते हे मात्र वाचता आलं नव्हतं. मीही बाईच होते, तरीसुद्धा.

डॉक्टरांनी आधी सपाटीवर चालायला सांगितलं, मग हळूहळू चढ. कित्येक महिन्यांनी कुंदाताई पुन्हा पर्वतीला आल्या, या वेळी बटव्यात जिभेखाली ठेवायची गोळी आणि बरोबर वसंतराव. नियम मी आधीच बदलला होता. चढताना प्रत्येकीनं बोलायचं, जिला बोलता येईना तिनं तिथंच थांबायचं आणि तिच्यासाठी सगळ्यांनी थांबायचं. माझी खोली पुढे बंद झाली, पर्वती आणि तो नियम मात्र अजून चालू आहेत. मला स्वतःला पाळी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या कमरेला टेप लावायचं काम मनीषानं घेतलंय आणि ती पुरणपोळीचा प्रश्न विचारत नाही, सरळ पोटात बोट खुपसते.

कुंदाताईंनी चोपन्न ओलांडलं, साठीही ओलांडली. अजून चढतात. नवीन आलेल्या प्रत्येक बाईला पहिल्या पायरीपासून त्या एकच गोष्ट सांगायला घेतात, मॅडमनी मला कसं मरणाला टेकवलं होतं आणि मंडईतल्या एका जुडीनं कसं वाचवलं. दर वर्षी त्या गोष्टीत माझा गुन्हा जरा वाढतो. परवा तर मी त्यांना छडी घेऊन पळवत होते. वसंतराव मागे वळून माझ्याकडे बघतात, बाकीच्या बायका मला दटावतात, आणि मी एक शब्द दुरुस्त करत नाही. गुडघ्यांमुळे मला आता सगळ्यांच्या मागून चढावं लागतं. वरून आवाज येत असतो तोवर मी सावकाश चढते.